मेक्सिको, मंगळवार बाजारमार्गे

श्रावंतीच्या वर्गात देशांच्या चिठ्ठ्या निघाल्या.
पुढच्या बाकाला जपान, मागच्याला ब्राझील,
आमच्या वाट्याला मेक्सिको.
दप्तर न उतरवताच म्हणाली,
"आई, शनिवारपर्यंत मेक्सिको पाहिजे."
जणू गिरणीवरून दळण आणायचंय.

निघालो. स्कूटीवर दोघी,
बेचाळीस अंशांत, ओढण्या तोंडाला बांधून.
नवी पेठेतला दुकानदार माळ्याकडे बघत राहिला.
"मेक्सिको? चायना आहे. मुरादाबाद आहे.
मेक्सिको मागवावं लागेल, ताई."
मधल्या मारुतीपाशी पतंगाचे कागद घेतले:
राणी, लिंबू, मोरपंखी,
आणि एक असा जांभळा की मला नाव सुचेना.
श्रावंती म्हणाली, "उन्हातलं वांगं."

मंगळवार बाजारात, मोडक्या पत्र्यांच्या ढिगात
सापडला एक सूर्य.
मिशीवाला. एक डोळा जरासा तिरका.
विकणारी म्हणाली, "कुठला काय म्हाईत,
बंगला रिकामा झाला, त्यातला हाय."
ओढणीनं पुसला. आतून उडी मारली
आणि चेहरा मख्ख ठेवला,
हरखलेल्या गिऱ्हाइकाला भाव उतरत नाही.
तरी चारशे वीस गेलेच.

रात्री फरशीवर पसारा.
पुस्तकातल्या चित्रात तिकडच्या गल्ल्यांवर
नक्षी कापलेले कागद लटकत होते.
आम्ही आठ घड्या घालून, ब्लाऊजच्या कात्रीनं, तसेच कापत बसलो.
अंबादास कारखान्यातून आले, भुवयांत कापसाची पिंजण,
हात न धुता त्यांनी एक कबूतर कापलं.
कोंबडी झाली.
नागेश हसून हसून गादीवरून पडला.

मामंजी कोपऱ्यात होते. माग बंद झाल्यापासून
ते कोपऱ्यातच असतात, रेडिओसारखे.
उठले. ट्रंक उघडली.
जकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडायचा जुना पंच काढला,
छोटी हातोडी,
आणि म्हणाले, "भोकांचं काम ना? सरका."
टक, टक, टक.
मोर उतरला कागदावर, मग कमळ,
मग अशी एक वेल, जी म्हणे
त्र्याहत्तर सालच्या चादरीवर होती
आणि गिऱ्हाइकाला पसंत पडली नव्हती.
चष्म्यावर रंगीत टिकल्या साचल्या.
कुणी पुसायला सांगितलं नाही.

सासूबाईंनी मातीची कवटी पाहिली:
"एंटिदि? घरात हे?"
श्रावंतीनं समजावलं, तिकडे गेलेल्या माणसांसाठी
साखरेच्या कवट्या करतात, झेंडू वाहतात, जेवण मांडतात.
"झेंडू?" त्या थांबल्या.
"साखर पण?"
दुसऱ्या दिवशी कवटीच्या कपाळावर कुंकू होतं.

शाळेत दहापैकी सात मिळाले.
शेरा: नकाशा नाही.

मेक्सिको रिक्षातून परत आला तो इथलाच झाला.
मी चुन्यात कपड्यांची नीळ ओतत गेले, ओतत गेले,
हॉलची एक भिंत अशी निळी झाली
की दूधवाला रोज दारात क्षणभर उभा राहतो.
दुकानात चिनी मातीचं निवडुंग साडेतीनशेला होतं;
होटगी रोडच्या बांधावरचं फुकट आणलं,
गोडेतेलाच्या डब्यात लावलं, तीन काटे बोटात.
आता कुठेही गेले की नजर शोधत असते
एखादी लाल घागर, एखादा चट्ट्यापट्ट्यांचा तुकडा.
अंबादास म्हणतात, "भिंती संपल्या."
मी म्हणते, "छत आहे."

दुपारी कूलर लावला की मामंजींचे मोर
जेवणावर फडफडतात. खाली कडक भाकरी,
शेंगाचटणी, नागेशचं भांडण, कालचं वरण.
मिशीवाला सूर्य फ्रिजच्या वरून
तिरक्या डोळ्यानं माझ्याकडे बघतो.
किंमत मी दीडशे सांगितली आहे.
तो अजून तरी बोललेला नाही.